नेमून दिलेली मुलं अशी अर्ध्यावर सोडू नका : चीनच्या नागरी व्यवहार मंत्रालयाला खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, नागरी व्यवहार मंत्रालय, बीजिंग
आणि
मा. संचालक, बालकल्याण व दत्तक केंद्र, बीजिंग

महोदय,

५ सप्टेंबर २०२४ रोजी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्या माओ निंग यांनी पत्रकार परिषदेत जाहीर केलं की, चीन यापुढे आपली मुलं परदेशी कुटुंबांना दत्तक देणार नाही. सावत्र मूल किंवा तीन पिढ्यांतल्या रक्ताच्या नात्यातलं मूल, एवढाच अपवाद. परदेशी कुटुंबांनी दाखवलेल्या प्रेमाबद्दल त्यांनी आभारही मानले. काही दिवसांतच अमेरिकन वकिलातीला कळवण्यात आलं की या अपवादात न बसणारं कोणतंही प्रकरण, मग ते कितीही पुढे गेलेलं असो, आता हाताळलं जाणार नाही.

या घोषणेला वर्ष उलटून गेलं. तरी मला गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र. त्याची इंग्रजी आणि चिनी प्रत आपल्याकडे वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ते माझ्या माणसांसाठी. अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये मोठं मूल दत्तक घेण्याचा विचार करणारे आणि तो अर्ध्यावर सोडून देणारे मी पाहिले आहेत. त्यांनाही हे कळायला हवं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. नवे अर्ज घेणं आपण बंद केलंत, त्याबद्दल मी भांडत नाही. आपली मुलं कुठे वाढावीत हे ठरवण्याचा अधिकार त्या त्या देशाचा आहे. माझं म्हणणं आहे ते आपणच ज्यांना कुटुंब नेमून दिलं होतं, त्या मुलांबद्दल. त्यांच्या फाइली तपासून झाल्या होत्या, कुटुंबांची पारख झाली होती, आपल्या केंद्राचं मंजुरीचं पत्र निघालं होतं. उरला होता तो फक्त प्रवास.

हा प्रवास आमच्या कुटुंबाने केला आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मी, माझा नवरा, आमचा मुलगा आणि सासूबाई असे चौघे न्यू जर्सीहून निघालो आणि पाच जण होऊन परतलो. आमची लेक तेव्हा बारा वर्षांची होती. दक्षिण चीनमधल्या ग्वांगशी या स्वायत्त प्रदेशातल्या बालगृहात वाढलेली, थॅलेसेमिया मेजर म्हणजे सतत रक्त चढवावं लागणारा आजार असलेली. आपल्या तेव्हाच्या कायद्यानुसार चौदा पूर्ण झाले की मुलाला दत्तक जाता येत नसे, म्हणजे तिच्या हातात फार वेळ उरला नव्हता. हे मूल का निवडलंत, असं आम्हाला पुष्कळांनी विचारलं. उत्तर सोपं आहे. उल्हासनगरला माझ्या दिराच्या घरी हाच आजार होता. रक्तपेढीत बाटली मिळेपर्यंत होणारी घालमेल आणि शरीरात साठणारं लोह काढण्यासाठी रात्र रात्र पोटाला लावून ठेवायचा पंप, हे सगळं आम्ही जवळून पाहिलं होतं. ज्या आजाराचं नाव वाचून लोक फाइल मिटतात, तो आम्हाला ओळखीचा होता.

बीजिंगचे दिवस कसे गेले ते मला आठवतही नाही. ग्वांगशीची राजधानी नानिंग मात्र लख्ख आठवतं. विमानातून उतरल्याबरोबर अंगाला चिकटणारी दमट हवा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आंब्याची झाडं. सासूबाई म्हणाल्या, ही तर आपली रत्नागिरीच. दुसऱ्या दिवशी नागरी व्यवहार खात्याच्या कार्यालयात आम्ही बाकावर बसून होतो. शेजारच्या कुटुंबाच्या मांडीवर दीड-दोन वर्षांचं बाळ आलं आणि त्याने रडून हॉल डोक्यावर घेतला. आमची मुलगी रडली नाही. मोठी मुलं अशा वेळी रडत नाहीत. ती बालगृहातल्या बाईंच्या मागे चालत आली, आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं, आम्ही पाठवलेल्या अल्बममधल्या फोटोंशी चेहरे जुळवून घेतले आणि मग सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसली.

तिच्या सॅकमध्ये कपड्यांचा एक जोड होता, तो अल्बम होता आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली एक वही होती. तिला रक्त चढवल्याच्या नोंदी होत्या त्यात. तारीख, हिमोग्लोबिन, किती युनिट, नर्सची सही. काही पानांवर हिमोग्लोबिन पाचच्याही खाली गेलेलं. वहीच्या मागच्या पानांवर निळ्या पेनने काढलेली चित्रं होती, दोन वेगवेगळ्या हातांची. बालगृहातली दुसरी एक मुलगी, हिच्याहून तीन वर्षांनी लहान, तिलाही हाच आजार. दोघींना एकाच दिवशी इस्पितळात नेत, शेजारच्या खाटांवर रक्त चढवत आणि ते चढेपर्यंत ही वही इकडून तिकडे फिरे.

ती दुसरी मुलगी हे माझ्या पत्राचं खरं कारण आहे.

त्या दिवशी आपल्या अधिकाऱ्यांनी आमच्या शेवटच्या सह्या घेतल्या नाहीत. चोवीस तास मुलीला आमच्याजवळ ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत बोलावून एका शांत, चष्मा लावलेल्या बाईंनी आम्हाला विचारलं : या मुलीला तुम्ही कधी टाकणार नाही, तिचा छळ करणार नाही, तिला शिकवाल, असं वचन देता का? आम्ही दिलं. मग त्या मुलीकडे वळल्या. दहा वर्षांच्या पुढच्या मुलाची संमती तेव्हा कायद्याने लागत असे. त्यांनी तिला आमच्यादेखत, तिच्या भाषेत, सावकाश विचारलं. तिने मान डोलावली, पण तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी तिला तोंडाने बोलायला लावलं. मग लाल शाईत अंगठा बुडवून तिने कागदावर ठसा उमटवला, आणि सासूबाईंनी रुमालाने तिचा अंगठा पुसला.

मी हे कौतुकाने लिहिते आहे. आपली पद्धत चांगली होती. मुलाला विचारूनच पुढे जायचं हे आपण आम्हाला दाखवून दिलंत. २०२१ पासून लागू झालेल्या आपल्या नागरी संहितेने तर संमतीचं वय दहावरून आठवर आणलं आणि दत्तक जाण्याची मर्यादा चौदावरून थेट अठरावर नेली. मोठ्या मुलांसाठी याहून चांगला बदल कोणता असणार?

म्हणूनच पुढे जे झालं ते मला पटत नाही.

त्या धाकट्या मुलीला २०१९ च्या अखेरीस कुटुंब नेमून मिळालं. अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका राज्यातलं जोडपं, दोघंही आता आमच्या घरच्यासारखे. आमच्या मुलीने त्यांना व्हिडिओ कॉलवर तिच्या आवडीनिवडी सांगितल्या : काय खाते, कशाला घाबरते, सुई टोचताना कुणीतरी हात धरलेला हवा असतो. त्यांनी अल्बम पाठवला. बालगृहाने तो तिला दाखवला, हे तुझे आईबाबा म्हणून सांगितलं. तिने अल्बम हातात धरून काढलेला फोटो त्या घरी फ्रिजवर लावलेला आहे. जानेवारी २०२० मध्ये साथ आली आणि सगळं थांबलं.

माझ्या तक्रारी अशा आहेत.

पहिली. मुलांना विचारलं नाही. ज्या मुलाची संमती घेतल्याशिवाय आपला कायदा त्याला कुणाच्या हाती देत नाही, त्याच मुलाला मिळालेलं कुटुंब काढून घेताना त्याचं मत घेतलं गेलं नाही. तेरा, चौदा, पंधरा वर्षांची ही मुलं. त्यांना सगळं समजतं. आईबाबा येणार आहेत हे त्यांना आपल्याच माणसांनी सांगितलं होतं. ते येणार नाहीत हे कुणी सांगितलं का? कोणत्या शब्दांत? आईबाबांनीच स्वतःहून पाठ फिरवली असं तर या मुलांना वाटत नसेल? हा प्रश्न त्या जोडप्याची झोप उडवतो. माझीही.

दुसरी तक्रार वेळेची, आणि मोठ्या मुलांच्या बाबतीत तीच सगळ्यांत गंभीर आहे. साथीच्या काळात प्रवास बंद ठेवणं आम्हाला समजलं. सगळं जग बंद होतं. पण ८ जानेवारी २०२३ ला आपण सीमा उघडल्या, व्यापारी येऊ लागले, विद्यार्थी येऊ लागले. दत्तक कुटुंबांपैकी मात्र ज्यांच्या हाती साथीपूर्वीच प्रवासाची परवानगी होती, त्यांनाच येऊ दिलं. त्या आर्थिक वर्षात चीनमधून दत्तक आलेल्या सोळा मुलांना अमेरिकेने व्हिसा दिले. २०१९ मध्ये हा आकडा ८१९ होता, आणि २००५ साली तर ७,९०३. बाकीच्यांना वाट बघा म्हणून सांगितलं गेलं. दोन वर्षांच्या बाळासाठी चार वर्षांची वाट म्हणजे उशीर असतो. अकरा वर्षांच्या मुलीचं त्यात उरलेलं बालपण संपतं. अमेरिकेच्या बाजूनेही एक अडसर आहेच : मूल सोळा वर्षांचं होण्याआधी तिथे अर्ज दाखल व्हावा लागतो, सख्ख्या भावंडांची सवलत सोडली तर. म्हणजे आपली संहिता अठरापर्यंत दार उघडं ठेवते, पण पलीकडचं दार त्याआधीच लागायला लागतं. त्या धाकट्या मुलीचा अर्ज वेळेत दाखल झालेला आहे. सगळ्यांचा झालेला नाही.

त्यात आजार. थॅलेसेमियात रक्त चढवून माणूस जगतो, पण प्रत्येक बाटलीबरोबर लोह येतं आणि ते हृदयात, यकृतात साठत राहतं. ते काढायचं औषध रोज घ्यावं लागतं. रोज म्हणजे रोज. आमची मुलगी इथे आल्यावर पंपावरून गोळ्यांवर आली, तरी सोळाव्या-सतराव्या वर्षी ती गोळी टाळण्यासाठी तिने काय काय केलं ते मी जाणते. ग्लास हातात देऊन समोर उभं राहणारं माणूस लागतं. फेरिटिनचा, म्हणजे शरीरात साठलेल्या लोहाचा, आकडा पाहून रागावणारं लागतं. नानिंगला चांगले डॉक्टर आहेत, तिथे अस्थिमज्जा प्रत्यारोपणही होतं, याबद्दल मला शंका नाही. पण एका बाईच्या हाताखाली कितीतरी मुलं असताना प्रत्येकीसमोर ग्लास घेऊन कोण उभं राहणार? आणि प्रत्यारोपणाची वेळ आली, तर ते जितक्या लहान वयात, अवयवांत लोह साठण्याआधी, तितकी यशाची आशा जास्त. ही वाट बघायला लावणं त्या मुलीच्या शरीराला परवडणारं नाही.

तिसरी. कारण सांगितलं गेलं नाही. आंतरराष्ट्रीय करारांच्या भावनेला धरून निर्णय घेतला, एवढंच निवेदनात आलं. परदेशी दत्तकविधानाबद्दलचा १९९३ चा हेग करार चीनमध्ये १ जानेवारी २००६ पासून लागू आहे. त्याच्या प्रस्तावनेतच म्हटलं आहे की ज्या मुलाला स्वतःच्या देशात योग्य कुटुंब मिळत नाही, त्याला परदेशी दत्तकविधानाने कायमचं घर मिळू शकतं. आधी देशातलं घर, ते नसेल तर बाहेरचं. हा क्रम मला शंभर टक्के मान्य आहे. त्या मुलीला नानिंगमध्येच आईवडील मिळाले असतील, तर मी इथे पेढे वाटेन. पण मिळाले आहेत का, हे कुणी सांगत नाही. आधी संस्थेमार्फत अधूनमधून फोटो यायचे, उंची-वजन कळायचं. तेही थांबलं. शेकडो कुटुंबं आज आपलं मूल नेमकं कुठे आहे हेही न कळता बसून आहेत.

इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती न सांगता हे पत्र पूर्ण होणार नाही. परदेशी दत्तकविधानात काळाबाजार झाला आहे. २००५ मध्ये हुनान प्रांतात हेंगयांगच्या बालगृहांनी पैसे देऊन मुलं विकत घेतल्याचं उघड झालं आणि लोकांना शिक्षा झाल्या. त्याच प्रांतातल्या शाओयांग भागात कुटुंबनियोजनाच्या अधिकाऱ्यांनी आईबापांकडून मुलं हिरावून नेल्याच्या बातम्या २०११ मध्ये आपल्याच देशातल्या पत्रकारांनी छापल्या. ज्यांची मुलं अशी गेली त्या आईबापांचं दुःख माझ्या कोणत्याही मागणीपेक्षा मोठं आहे. नेदरलँड्सने २०२४ च्या मे महिन्यात परदेशातून नवी मुलं दत्तक घेणं थांबवलं, डेन्मार्कमध्येही हे काम बंद पडलं, तेही अशाच प्रकारांमुळे. पण त्यावर इलाज म्हणजे एकेक फाइल पुन्हा तपासा, संशय असेल तिथे थांबवा, दोषींना शिक्षा करा. जन्मापासून बालगृहात असलेल्या, आजारामुळे देशात कुणी न स्वीकारलेल्या, पंधरा वर्षांच्या मुलीचं ठरलेलं घर मोडून कुठल्या गुन्ह्याचं परिमार्जन होतं?

चौथी तक्रार आधीच गेलेल्या मुलांची आहे, म्हणजे माझ्याही मुलीची. १९९२ पासून दीड लाखाहून जास्त मुलं चीनमधून जगभर गेली, त्यातली ८२ हजारांहून अधिक एकट्या अमेरिकेत. ती आता मोठी झाली आहेत आणि मुळं शोधत परत येत आहेत. टाकलेलं मूल सापडलं की त्याच्या पालकांसाठी जाहीर सूचना निघायची, साठ दिवसांत कुणी आलं नाही तरच पुढचं पाऊल पडायचं. त्या सूचनांची कात्रणं, बाळाच्या दुपट्यात सापडलेल्या चिठ्ठ्या, बालगृहाच्या वह्या, पोलिसांचे दाखले यातूनच त्यांना काही धागा मिळतो. कार्यक्रम बंद झाला, आता या फाइलींचं काय होणार? एखाद्या बालगृहाने जागा बदलली, कपाटं रिकामी केली, की एका माणसाचा सगळा पूर्वेतिहास गेला. माझी मुलगी कॉलेजात आहे, तिला तिची फाइल पाहायची आहे. ती कुणाकडे मागायची?

आपल्याला एक मराठी बाई का लिहिते आहे, असं वाटत असेल, तर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण करून देते. १९३८ साली ते भारताच्या वैद्यकीय पथकातून आपल्याकडे आले, रणांगणावर जखमींवर उपचार केले, तिथेच लग्न केलं, आणि १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. आपण त्यांना परकं मानलं नाही. आपले नेते भारतात आले की त्यांच्या नातेवाइकांना आवर्जून भेटत आले आहेत. रक्ताच्या नात्यापलीकडची नाती आपल्या देशाला चांगली कळतात. त्याच भरवशावर या मागण्या करते :

१. घोषणेआधी ज्या मुलांना कुटुंब नेमून दिलं होतं, ती सगळी प्रकरणं पुन्हा उघडा. सरसकट हो म्हणा असं माझं म्हणणं नाही. एकेक फाइल पाहा आणि प्रत्येक निर्णय कारणासह लेखी कळवा.

२. आठ वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला विचारा. बालगृहाच्या कर्मचाऱ्यांखेरीज दुसरं कुणीतरी तिथे हजर असू द्या, आणि त्याचं उत्तर फाइलला लावा.

३. मूल आज कुठे आहे, शाळेत जातं का, उपचार चालू आहेत का, देशात दत्तक गेलं आहे का, एवढं त्या कुटुंबाला सांगा.

४. दत्तकविधान शक्यच नसेल, तरी पत्रं, फोटो, व्हिडिओ कॉल यांना परवानगी द्या. मूल अठरा वर्षांचं झाल्यावर त्याला या माणसांना भेटायचं असेल, तर पासपोर्ट देताना अडवू नका. औषधांचा खर्च उचलायला ही कुटुंबं आजही तयार आहेत, तो स्वीकारण्याची सोय करा.

५. दत्तक गेलेल्या सगळ्या मुलांच्या मूळ फाइली एका जागी, सुरक्षित ठेवा आणि त्या त्या व्यक्तीला अर्ज केल्यावर दाखवा.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांनो, आपापल्या भागातल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहा आणि सोळा वर्षांच्या अटीत या रखडलेल्या मुलांपुरती सूट मागा. चीनने उद्या दार उघडलं आणि इथल्या नियमाने ते लावलं, असं व्हायला नको.

महोदय, त्या जोडप्याने होम स्टडी, म्हणजे दत्तक घेणाऱ्या घराची तपासणी, प्रत्येक वेळी मुदत संपण्याआधी नव्याने करून घेतली आहे. बोटांचे ठसे परत दिले आहेत, मेडिकल झालं आहे, पासपोर्ट चालू आहेत, जवळच्या शहरातल्या रक्तविकारतज्ज्ञांशी बोलणी झाली आहेत. परवानगी आली तर ते त्याच आठवड्यात नानिंगला निघतील, आणि त्यांना चिनी येत नसल्याने दुभाषी म्हणून आमची मुलगी सोबत जाईल. तिने कॉलेजात तशी रजाही विचारून ठेवली आहे. आपल्याकडून हवं आहे ते एक पत्र. त्याची आम्ही वाट पाहतो आहोत.

आपली नम्र,
ग्वांगशीतल्या एका मुलीची मराठी आई
न्यू जर्सी, अमेरिका